इमारत आपली, जमीन कुणाची?

आज एका इमारतीचा इतिहास ऐकूया. किल्ल्याचा नाही, राजवाड्याचा नाही. आमच्या बचत गटाची बैठक जिथे भरते, त्या पेठेतल्या तीन मजली जुन्या अपार्टमेंटचा. पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावात अशी एखादी इमारत सापडेलच.

या जागेवर आधी वाडा होता. पुढच्या सोप्यात मालक, मागच्या खोल्यांत भाडेकरूंची बिऱ्हाडं, सगळ्यांना मिळून एक आड. आपल्याकडे १९४७ चा मुंबई भाडे कायदा लागू होता. त्याने भाडं गोठलं आणि भाडेकरूला बाहेर काढणं अवघड झालं. गरिबाच्या डोक्यावरचं छप्पर टिकलं, हे त्याचं मोठं काम. पण महागाई वाढली, भाडं तेवढंच राहिलं, म्हणून मालकांनी डागडुजी सोडली. असे कितीतरी वाडे खचले. मग बिल्डर आला. वाडा पाडायचा, मालकाला आणि भाडेकरूंना फ्लॅट द्यायचे, उरलेले विकायचे, असा व्यवहार ठरला.

बांधणंही सोपं नव्हतं. तेव्हा सिमेंट परमिटवर मिळायचं. १९८२ मध्ये त्यावरचं नियंत्रण थोडं सैल झालं. वाळूची, विटांची घमेली डोक्यावरून वर चढवली ती बायांनीच. कोनशिलेवर त्यांचं नाव नसतं.

आता मुद्द्याचं. अंगण नाही, वेगळी जमीन नाही, मग फ्लॅटवाल्याची मालकी कशाची? त्यासाठी कायदे झाले. १९६० चा सहकारी संस्थांचा, १९६३ चा फ्लॅटच्या मालकीचा म्हणजे ‘मोफा’, आणि १९७० चा अपार्टमेंट मालकीचा. मोफाने बिल्डरला तीन कामं लावून दिली: करार लिहून नोंदवायचा, सोसायटी स्थापन करायची आणि जमिनीसकट इमारत सोसायटीच्या नावावर करून द्यायची. या तिसऱ्या कामाला कन्व्हेयन्स म्हणतात. तेच असंख्य ठिकाणी राहून गेलं. लोक राहायला आले, देखभाल खर्च भरत राहिले, आणि सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर नाव जुन्या मालकाचंच राहिलं.

इमारत धड आहे तोवर याचा त्रास कळत नाही. ती पाडून नवी बांधायची वेळ आली, की पहिला प्रश्न जमिनीचा येतो. म्हणूनच २००८ मध्ये मोफात दुरुस्ती होऊन ‘मानीव अभिहस्तांतरण’ आलं. बिल्डर किंवा मालक सही देत नसेल, तरी सोसायटीला जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो.

दुसरा प्रश्न घरातला. पाण्याची वेळ, जिन्याची झाडलोट, शेजाऱ्यांची भांडणं, सगळं बाईच्या अंगावर. शेअर सर्टिफिकेटवर मात्र बहुतेक वेळा एकट्या नवऱ्याचं नाव. तो गेला की तिची धावपळ सुरू होते. नॉमिनी म्हणून नाव असलं, तरी त्याने वारसांचा हक्क संपत नाही, हेही ध्यानात ठेवा. म्हणून खरेदीच्या वेळीच दोघांची नावं लावलेली बरी. २०२१ पासून राज्यात बाईच्या एकटीच्या नावाने घर घेतलं, तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलतही मिळते.

तर या आठवड्यात एवढं करा. घरातला करारनामा, इंडेक्स टू आणि शेअर सर्टिफिकेट बाहेर काढा, नावं वाचा. सोसायटीच्या सेक्रेटरींना दोन गोष्टी विचारा: कन्व्हेयन्स झालं का? इमारतीला तीस वर्षं उलटली असतील, तर स्ट्रक्चरल ऑडिट शेवटचं कधी झालं? उत्तरं घेऊन बैठकीला या. कागद आपण मिळून वाचू.