अमाल्फीचा किनारा व संत आंद्रेची समाधि

आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवाच्या ह्या पुस्तिकेंत आपल्या देवळाचा इतिहास इतर लेखकांनीं विस्तारानें दिला आहे. त्यांत मीं भर घालावी असें फारसें उरलेलें नाहीं. म्हणून इटली देशाच्या दक्षिण किनाऱ्यावरील कांहीं जुन्या गांवांची हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहें. धर्मयात्रेच्या निमित्तानें तो मुलूख पाहण्याचा योग मला आला होता. शिवाय तेथील एका देवळाच्या तळघरांत ज्या प्रेषिताचे अवशेष आहेत, तो प्रेषित आपल्या कोळीबांधवांच्या जुन्या ओळखीचा आहे. वांद्र्याचें देऊळ पोर्तुगीज काळापासून त्याच्याच नांवें उभें आहे. एवढें कारण मला पुरेसें वाटतें.

नेपल्स शहराच्या दक्षिणेस जमिनीचा एक सुळका समुद्रांत शिरला आहे. त्याच्या दक्षिण अंगास, सालेर्नोच्या आखाताकडे तोंड करून, लात्तारी नांवाचे डोंगर जवळजवळ सरळ पाण्यांत उतरतात. ह्या उतारावर व्हिएत्री, चेतारा, माइओरी, मिनोरी, आत्रानी, अमाल्फी, प्राइआनो, पोझितानो हीं गांवें पाण्याच्या कडेला, व स्काला आणि रावेल्लो हीं दोन उंचावर, अशीं वसलीं आहेत. सपाट जागा म्हणून नाहींच. एका घराचें छप्पर तें वरच्या घराचें अंगण, व गल्ली म्हणावी तर ती पायऱ्यांची. भूमध्यसमुद्राला भरती-ओहोटी नांवापुरतीच असल्यामुळें आपल्याकडे ओहोटीला दूरवर उघडी पडणारी चिखलवट तेथें दिसत नाहीं. घराच्या पायथ्याशींच खोल पाणी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कड्यांतून गाडीरस्ता खोदला जाईपर्यंत एका गांवाहून दुसऱ्या गांवास जाण्याला होडी किंवा डोंगरांतील जिने हेच दोन मार्ग होते. इ. स. १९९७ सालीं युनेस्कोनें ह्या साऱ्या किनाऱ्याचा समावेश जागतिक वारशाच्या यादींत केला.

शेतीला जमीन नाहीं, म्हणून अमाल्फीकरांनीं समुद्रालाच आपलें शेत मानिलें. इ. स. ८३९ सालीं हें नगर नेपल्सच्या सत्तेखालून स्वतंत्र झालें, व पुढें त्याचे प्रमुख ‘दूक’ ही पदवी लावूं लागले. त्यांचा अभिषेक शेजारच्या आत्रानी गांवांतील तारकाच्या लहानशा देवळांत होत असे. तें देऊळ आजहि उभें आहे. डोंगरांतील लाकूड आफ्रिकेच्या बंदरांत विकावें, तेथील सोनें घेऊन कॉन्स्टँटिनोपलला जावें, आणि रेशीम व उंची वस्तू घेऊन इटलीस परत यावें, असा त्यांचा फेरा होता. दहाव्या शतकांतील अरब प्रवासी इब्न हौकल ह्यानें ह्या नगराच्या संपत्तीची वाखाणणी केली आहे. इ. स. ९८७ सालीं येथील धर्मपीठास आर्चबिशपाच्या पीठाचा दर्जा मिळाला. व्हेनिस, जिनोआ व पिसा ह्यांचा बोलबाला होण्याच्या आधींची ही गोष्ट आहे.

ह्या व्यापाऱ्यांच्या हातून घडलेलें एक कार्य मात्र त्यांच्या व्यापाराहून फार मोठें ठरलें. अकराव्या शतकांत, क्रूसयुद्धांस सुरुवात होण्यापूर्वीं, त्यांनीं जेरुसलेम येथें मुसलमान सत्ताधाऱ्यांच्या परवानगीनें यात्रेकरूंसाठीं मठ व रुग्णालय स्थापिलें. त्या रुग्णालयाचे प्रमुख ब्रदर जेरार्ड ह्यांच्या सेवकमंडळास पोप पास्काल दुसरे ह्यांनीं इ. स. १११३ सालीं मान्यता दिली, व त्यांतूनच संत जॉनच्या रुग्णसेवकांचा प्रसिद्ध संघ उदयास आला. पुढें ह्या संघानें तरवार हातीं घेतली, ऱ्होड्स व माल्टा हीं बेटें राखिलीं, आणि लोक त्याला ‘माल्टाचे सरदार’ ह्या नांवानें ओळखूं लागले. त्याचा आठ टोंकांचा क्रूस अमाल्फीकर आजहि आपल्या निशाणावर मिरवितात. मूळ काम तें आजाऱ्यांचीं अंथरुणें घालण्याचें. तरवारीपेक्षां मला त्याचाच अभिमान अधिक वाटावा, असें आहे.

अमाल्फीच्या चौकांत उभें राहिलें म्हणजे समोर ६२ पायऱ्यांचा रुंद जिना व त्याच्या माथ्यावर महामंदिर दिसतें. दर्शनी भिंत रंगीबेरंगी, पण ती जुनी नव्हे. जुनी भिंत इ. स. १८६१ सालीं कोसळली व सध्यांची त्यानंतर बांधिली. कांशाचीं दारें मात्र अस्सल अकराव्या शतकांतील आहेत. पांतालेओने नांवाच्या धनाढ्य अमाल्फीकरानें तीं कॉन्स्टँटिनोपलला ओतवून घेऊन जहाजानें आणविलीं. पुष्कळ यात्रेकरू दाराकडे न पाहतांच आंत शिरतात. तसें करूं नये.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. दारांतून आंत जाऊन तळघरांत उतरलें कीं, संगमरवरी वेदीखालीं संत आंद्रेचे अवशेष आहेत. गालीलच्या सरोवरावर जाळें टाकणारा, बेथसैदाचा कोळी, शिमोन पेत्राचा भाऊ. परंपरा अशी कीं, त्याला ग्रीस देशांतील पात्रास येथें क्रूसावर मरण आलें. चौथ्या शतकांत सम्राट कॉन्स्टँशियस ह्यानें त्याचे अवशेष पात्रासहून कॉन्स्टँटिनोपलला नेऊन प्रेषितांच्या देवळांत ठेविले, व तेथें ते आठशें वर्षांहून अधिक काळ राहिले. मग ते अमाल्फीस कसे आले?

ह्या प्रश्नाचें उत्तर सांगतांना आपल्यापैकीं अनेकांची जीभ अडखळते. तथापि इतिहास लिहावयाचा तर पुरा लिहावा. चौथें क्रूसयुद्ध जेरुसलेमच्या मुक्ततेसाठीं निघालें, तें पैशाच्या व राजकारणाच्या पायीं वाट सोडून कॉन्स्टँटिनोपलवर जाऊन पडलें. इ. स. १२०४ च्या एप्रिल महिन्यांत आमच्याच धर्माच्या सैनिकांनीं त्या ख्रिस्ती राजधानीची लूट केली. देवळें फोडिलीं, वेद्या विटाळल्या, स्त्रियांची व संन्यासिनींची अब्रू घेतली, आणि अवशेषांच्या पेट्या पळविल्या. ह्या मोहिमेबरोबर पोपचे वकील म्हणून गेलेले कार्डिनल पिएत्रो कापुआनो हे अमाल्फीचेच पुत्र होते. त्यांनीं संत आंद्रेचे अवशेष आपल्या जन्मगांवास आणिले, व ८ मे १२०८ रोजीं ते मोठ्या समारंभानें ह्या महामंदिरांत ठेविण्यांत आले.

कार्डिनलांच्या बाजूनें कांहीं लेखक असें म्हणतात कीं, उध्वस्त नगरांत अवशेष अधिक विटाळले असते, म्हणून त्यांनीं ते सुरक्षित स्थळीं हलविले. ह्यांत थोडें तथ्य असेल. परंतु ज्यांनीं घर पेटविलें, त्यांच्याबरोबर आलेल्यानें घरांतील देव्हारा वांचविला म्हणून सांगणें, हें घरमालकाला पटण्यासारखें नाहीं. खुद्द पोप इनोसंट तिसरे ह्यांनीं इ. स. १२०५ सालीं ह्याच कार्डिनलांस पत्र लिहून कडक शब्दांत जाब विचारिला होता. लुटीमुळें ग्रीक ख्रिस्ती लोक रोमच्या पीठाशीं पुन्हां एक कसे होतील, असा त्यांच्या प्रश्नाचा रोख होता. तो प्रश्न खरा ठरला. पूर्व व पश्चिम ह्यांतील फूट १०५४ सालची म्हणून आपण शिकतों. पण ती सामान्य ग्रीक माणसाच्या काळजांत रुतली ती १२०४ सालीं.

मग अमाल्फीच्या भाविकांनीं काय करावें? आठशें वर्षें ते ह्या समाधीपाशीं प्रार्थना करीत आले आहेत. चौदाव्या शतकाच्या आरंभापासून समाधीवर जमणाऱ्या द्रवाला ते ‘मन्ना’ म्हणतात, आणि कुपींत भरून आजाऱ्यांकडे नेतात. जाळें विणणाऱ्या म्हातारीनें ही लूट केलेली नाहीं. तिच्या भक्तीला खोटें म्हणण्याचा अधिकार मला नाहीं, व ती भक्ति खरी म्हणून लुटीला पुण्य म्हणण्याचाहि नाहीं. ह्या दोन गोष्टी एकाच वेदीपाशीं शेजारीं शेजारीं आहेत.

पोपमहाराजांनीं पुढें जें केलें तेंहि येथेंच नमूद करितों. संत आंद्रेचें शिर पात्रास येथें होतें. तुर्कांच्या स्वारीमुळें तेथून निघालेल्या थॉमस पालेओलोगस ह्या राजपुत्रानें तें इटलीस आणिलें व इ. स. १४६२ सालीं पोप पायस दुसरे ह्यांनीं त्याचा रोममध्यें स्वीकार केला. पोप पॉल सहावे ह्यांनीं १९६४ सालीं तें पात्रासच्या ग्रीक ऑर्थोडॉक्स धर्मसभेस परत दिलें. २००१ सालीं अथेन्स येथें पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनीं कॉन्स्टँटिनोपलच्या लुटीबद्दल खेद प्रगट केला, आणि २००४ च्या नोव्हेंबरांत संत ग्रेगरी नाझियान्झेन व संत जॉन क्रिसोस्टम ह्यांचे अवशेष रोमहून पॅट्रिआर्क बार्थोलोम्यु ह्यांच्या स्वाधीन केले. अमाल्फीचे अवशेष अमाल्फीसच आहेत.

ज्या वर्षीं प्रेषित येथें आला, त्या वर्षीं नगराचें वैभव मावळून गेलें होतें. नॉर्मन राजांनीं स्वातंत्र्य घेतलें होतें, आणि पिसाच्या आरमारानें ११३५ व ११३७ सालीं शहर लुटलें होतें. २५ नोव्हेंबर १३४३ च्या सुमारास समुद्र असा खवळला कीं, बंदराचा व खालच्या वस्तीचा मोठा भाग पाण्यांत गेला. त्या वेळीं नेपल्समध्यें असलेल्या पेत्रार्क कवीनें आपल्या पत्रांत ह्या प्रलयाचें वर्णन केलें आहे. अलीकडे कांहीं भूशास्त्रज्ञांनीं असें प्रतिपादिलें आहे कीं, ती लाट स्ट्रॉम्बोली ज्वालामुखीचा कडा समुद्रांत ढांसळल्यामुळें उठली असावी.

बंदराजवळ होकायंत्राचा जनक म्हणून फ्लाव्हिओ जोइआ ह्याचा पुतळा आहे. हा गृहस्थ बहुधा झालाच नाहीं. फ्लाव्हिओ बिओन्दो ह्या इतिहासकाराचा हवाला देणारें एक लॅटिन वाक्य सोळाव्या शतकांत स्वल्पविराम भलत्या जागीं धरून वाचलें गेलें, व हवाला देणाराच शोधक ठरला! अमाल्फीच्या खलाशांनीं होकायंत्र सुधारलें असेल, पण पुतळा उभा आहे तो एका स्वल्पविरामाचा. लॅटिन व्याकरणास कंटाळणाऱ्या आपल्या सेमिनरीच्या मुलांनीं हें ध्यानांत ठेवावें.

व्यापार गेल्यावर लोकांनीं कागद धरिला. गांवामागच्या अरुंद खोऱ्यांत ओढ्याच्या पाण्यावर चिंध्या कुटून कागद करण्याच्या गिरण्या शतकानुशतकें चालल्या. १९५४ च्या महापुरानें त्यांतील बहुतेक मोडल्या. बाकीचा उदरनिर्वाह लिंबांवर. दगडी बांधांच्या पायऱ्यांवर चेस्टनटच्या खांबांचे मांडव, व त्यांखालीं लांबट मोठीं लिंबें. एके काळीं तीं बायका पाठीवर वाहून शेंकडों पायऱ्या उतरत असत. त्या बांधांचें काम पाहिलें म्हणजे दुकांच्या राजवाड्यांचें विशेष वाटेनासें होतें.

वरच्या स्काला गांवास फार थोडे प्रवासी जातात. आपण मात्र जावें. नेपल्सचे वकील व मग धर्मगुरु झालेले आल्फोन्सुस लिगोरी हे प्रकृति सुधारण्यासाठीं १७३० सालीं येथें आले, आणि डोंगरांतील धनगरांना प्रार्थनासुद्धां ठाऊक नाहीं असें त्यांस आढळलें. शहरांत पुरोहितांची रेलचेल व चार कोस दूर ही स्थिति! ९ नोव्हेंबर १७३२ रोजीं ह्याच गांवीं त्यांनीं रिडेम्प्टोरिस्ट संघ स्थापिला.

पूर्वेकडील चेतारा हें आजहि मासेमारीचें गांव आहे. पिंपांत मिठाचे थर देऊन मांदेलीसारख्या लहान मासळीचा जो रस ते काढितात, त्याचा वास आपल्या कोळवाड्यांत वाढलेल्यास परका वाटणार नाहीं. १५३४ सालीं तुर्की चाच्यांनीं ह्या गांवावर घाला घालून अनेकांना गुलाम म्हणून नेलें. त्यानंतर स्पॅनिश राजप्रतिनिधींनीं साऱ्या किनाऱ्यावर टेहळणीचे बुरूज बांधविले. त्यांतील कांहींत हल्लीं उपहारगृहें आहेत. अमाल्फीवर मात्र २७ जून १५४४ रोजीं बार्बारोसाचें आरमार चालून आलें असतां एकाएकीं वादळ होऊन तें उधळलें. हें आपल्या प्रेषितानें केलें, अशी गांवाची श्रद्धा आहे. म्हणून दरसाल त्या दिवशीं संत आंद्रेची जड मूर्ति मिरवणुकीनें किनाऱ्यावर नेतात, आणि परततांना खांदेकरी ती घेऊन महामंदिराच्या पायऱ्या धांवत चढतात.

आपल्यापैकीं कोणी रोमच्या यात्रेस जाणार असल्यास २७ जून किंवा ३० नोव्हेंबर ह्यांपैकीं एक दिवस हाताशीं ठेवावा. रोमहून आगगाडीनें सालेर्नो, व पुढें उन्हाळा असल्यास होडीनें अमाल्फी; समुद्रावरून तें गांव जसें दिसतें तसें रस्त्यावरून दिसत नाहीं. तळघरांत उतरल्यावर पात्रासच्या व कॉन्स्टँटिनोपलच्या ख्रिस्ती बांधवांसाठींहि एक प्रार्थना म्हणावी.