विद्यार्थी-रुग्णाची गोपनीयता : शिक्षकच डॉक्टर असतो तेव्हा

राज्यभरातील वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, होमिओपॅथी आणि नर्सिंग महाविद्यालये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाचा विद्यार्थी आजारी पडला, की बहुधा आपल्याच महाविद्यालयाच्या रुग्णालयात जातो. तिथे रक्त घेणारी इंटर्न त्याची सीनियर असते आणि तपासणारे सर उद्या तोंडी परीक्षेला समोर बसू शकतात. इतर विद्यार्थी-दवाखान्यांत माहिती बाहेर जाऊ नये एवढी काळजी घ्यावी लागते. येथे धोका दवाखान्याच्या आतच आहे.

कायदा याबाबत मोघम नाही. भारतीय वैद्यक परिषदेचे २००२ चे आचारनियम उपचारांच्या ओघात कळलेले रुग्णाचे गुपित उघड करण्यास मनाई करतात. अपवाद मोजके : न्यायालयाचा आदेश, विशिष्ट व्यक्तीला किंवा समाजाला असलेला गंभीर धोका, आणि शासनाला कळवणे बंधनकारक असलेले आजार. २०२३ मध्ये नवे नियम आले, पण त्याच महिन्यात स्थगित झाले. म्हणून जुनेच लागू आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम २३ आणि त्याच वर्षीच्या एचआयव्ही कायद्याचे कलम ८ हे संरक्षण आणखी पक्के करतात. प्राचार्य, रेक्टर किंवा सज्ञान मुलाची फी भरणारे पालक यांना केवळ त्या नात्याने माहिती मिळावी, असा अपवाद यांत नाही.

वयाचा प्रश्न मात्र गुंतागुंतीचा आहे. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षे पूर्ण झाली, की एमबीबीएसला प्रवेश मिळतो. त्यामुळे एकाच खोलीतल्या दोन मुलींपैकी एक सज्ञान, तर दुसरी कायद्याने बालक असू शकते. गर्भपातासाठी पहिलीची स्वतःची संमती पुरते, दुसरीसाठी पालकांची लेखी संमती लागते. शिवाय पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणेही भाग पडते. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने येथे वाट काढली : मुलीने आणि पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरने कळवताना तिची ओळख देण्याची गरज नाही. ही तरतूद मुलीला पहिल्याच भेटीत सांगायला हवी, कारण पोलिसांच्या भीतीने ती दुसऱ्यांदा येणारच नाही.

आता दुहेरी भूमिका. माझे ठाम मत आहे की, जो शिक्षक विद्यार्थ्याला गुण देतो त्याने, तातडीचा प्रसंग सोडून, त्याच्यावर उपचार करू नयेत. मानसोपचारात तर मुळीच नाही. शिक्षक कितीही सज्जन असला तरी विद्यार्थी त्याच्यापुढे झोपेच्या गोळ्या किंवा दारू याविषयी खरे बोलणार नाही, आणि अर्धवट माहितीवर दिलेले औषध घातक ठरू शकते. जवळच्या दुसऱ्या महाविद्यालयाशी परस्पर व्यवस्था करणे अवघड नाही. केस चर्चेला घेताना नाव गाळून भागत नाही. ‘द्वितीय वर्ष, वसतिगृह, पुरुष, वय १९’ एवढ्यावर वर्गातले सगळे ओळखतात.

कागदपत्रांतून होणारी गळती अधिक चिवट असते. हजेरीसाठी दिलेल्या प्रमाणपत्रात निदान लागत नाही. ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत विश्रांती आवश्यक’ एवढे पुरे. पण कागदावर ‘मानसोपचार विभाग’ असा शिक्का असेल, तर निदान न लिहिताही सर्व काही कळते. म्हणून प्रमाणपत्र विद्यार्थी-दवाखान्याच्या सामाईक कागदावर द्यावे. संगणकावर विद्यार्थ्याची नोंद कोणी केव्हा उघडली, याचा माग राहिला पाहिजे आणि तो विद्यार्थ्याला मागता आला पाहिजे. लॅब रिपोर्टचे फोटो विभागाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकण्याची सवय तर आजच थांबवावी.

क्षयरोगात यातले काहीच पूर्ण टिकत नाही. २०१२ पासून प्रत्येक रुग्णाची नोंद शासनाकडे करणे बंधनकारक आहे, आणि खोलीतल्या सोबत्यांची तपासणीही करावी लागते. तिघांच्या खोलीतले दोघे तपासणीला बोलावले, की तिसरा कोण हे सांगावे लागत नाही. अशा वेळी ते बोलावणे जाण्याआधी डॉक्टरने रुग्णाला समोर बसवून कोणाला, काय आणि का कळवले जाणार हे सांगावे, आणि सोबत्यांना स्वतः सांगायचे असल्यास त्याला एक दिवस द्यावा.