ट्रंक, पेटी आणि शिशाचे मणी

परवा पहाटे साडेपाचला भाच्याचा फोन. तिकडे ब्रिस्बेनला दहा वाजलेले, त्यामुळे साहेब टवटवीत. "मामा, एक कडक पेटी घ्यायचीय, विमानातून न्यायला. दीड हजार ऑप्शन बघून डोकं फिरलंय. तू सांग."

मी काय सांगणार कपाळ! माझा सगळा विमानप्रवास दोन वेळचा. पण पेटीत काय भरायचंय ते ऐकलं आणि झोप उडाली. हा पोरगा श्वास रोखून समुद्रात बुडी मारतो आणि भाल्याने मासे मारतो. रबराच्या ताणावर स्टीलची सळई सुटते, तिला 'स्पिअरगन' म्हणतात. सिलिंडर लावून असे मासे मारायला त्यांच्या क्वीन्सलंडमध्ये बंदी आहे, जे काही करायचं ते आपल्या छातीतल्या हवेवर. आता त्याला हे सगळं घेऊन उत्तरेला केर्न्सला जायचंय. असलं हत्यार केबिनमध्ये नेऊ देत नाहीत, ते सामानातच टाकावं लागतं, आणि सामान कसं आपटतात ते सगळ्यांना ठाऊक आहे.

त्याच आठवड्यात इकडे लालबागला आमची चाळ रिकामी करायची नोटीस लागली होती. पुनर्विकास. ताईने यादी केली होती, काय न्यायचं आणि काय भंगारात. भंगाराच्या यादीत पहिलं नाव बाबांच्या ट्रंकेचं.

म्हणून मी भाच्याला म्हटलं, थांब, मोजपट्टी घेतो.

काळी पत्र्याची ट्रंक. 90 सेंटीमीटर लांब, 45 रुंद, 35 उंच. रिकामी अकरा किलो भरली. वर पांढऱ्या रंगात पेंटरकडून काढून घेतलेलं नाव, त्याखाली मु. पो., ता. मालवण, जि. रत्नागिरी. (सिंधुदुर्ग जिल्हा 1981 साली वेगळा झाला, ट्रंक त्याच्या आधीची.) इतकी वर्षं बघतोय, पण त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं की त्यावर लालबागचा पत्ता कुठेच नाही. हरवलीच तर गावाला पोचावी.

तुमच्यापैकी ज्यांचे आजोबा-पणजोबा गिरणीत होते त्यांना गाळा माहीत असेल. 1856 साली ताडदेवला पहिली कापड गिरणी सुरू झाली, पुढे परळ-लालबाग-भायखळा गिरण्यांनी भरून गेलं, आणि त्यात राबायला घाटावरून आणि कोकणातून माणसं आली. बायकापोरं गावी आणि बाप्ये इथे. गावाच्या मंडळाने एक खोली घ्यायची, तिच्यात पंधरा-वीस जण. रातपाळीचे दिवसा झोपायचे, दिवसपाळीचे रात्री. जेवण खानावळीत. अशा खोलीत माणसाचं स्वतःचं असं काय? भिंतीची एक खुंटी आणि भिंतीला लावलेली ट्रंक. कुलपाची चावी करगोट्याला. पगाराचं पाकीट, गावची पत्रं, लग्नातला एक शर्ट, पोरीला न्यायच्या रिबिनी, सगळं त्या चार फूट पत्र्यात. (चार नाही, तीनच. मोजलं ना आत्ता!)

ही ट्रंक बोटीतून आलेली. भाऊच्या धक्क्यावरून बोट सुटायची ती देवगड, मालवण अशी बंदरं करत जायची. बोट किनाऱ्याला लागत नसे, माणसं आणि ट्रंका समुद्रातच पडावात उतरवायच्या. खाली उभा असलेला खलाशी ती झेलायचा. तेव्हा ट्रंक पत्र्याचीच का, हा प्रश्न कोणाला पडत नसावा. तळाला अजून गंजाची एक रेघ आहे, खाऱ्या पाण्याची असेल.

बाबांच्या ट्रंकेत एक गोष्ट मात्र इतरांकडे नसायची. पाग. फेकून मासे मारायचं जाळं, कडेने शिशाचे मणी ओवलेलं. सुट्टीच्या दिवशी ते शिवडीला जाऊन खाडीत पाग टाकायचे. मासा मिळो न मिळो. गाळ्यातले लोक हसायचे, गिरणीत दोऱ्यात आणि सुट्टीत पण दोऱ्यात!

आता पेटीचा इतिहास पुढे कसा सरकतो ते बघा, मला फार गंमत वाटली. ट्रंकेची सद्दी मोडली ती प्लॅस्टिकच्या सुटकेसने. आपल्याकडे घराघरात व्हीआयपी आली, ती सत्तरच्या दशकापासून. ती वाढवणारे दिलीप पिरामल. आणि पिरामल घराणं म्हणजे परळच्या मोरारजी मिलचे मालक! म्हणजे ज्या घराण्याच्या गिरणीत लोक ट्रंका घेऊन आले, त्याच घराण्याच्या सुटकेसी घेऊन त्यांची पोरं दुबई-मस्कतला गेली.

भाच्याला हवी तशी हवाबंद कडक पेटी मात्र अमेरिकेतली. पेलिकन कंपनी 1976 साली कॅलिफोर्नियात डेव्ह पार्कर नावाच्या माणसाने काढली, तो स्वतः पाणबुड्या होता. अशा पेट्यांच्या झाकणाला रबराची कडी असते आणि एक छोटा व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह कशाला? तर वर विमानात हवेचा दाब कमी असतो, पेटीतली हवा बाहेर पडते. खाली उतरल्यावर बाहेरचा दाब वाढतो आणि झाकण असं चिकटतं की उघडत नाही. व्हॉल्व्ह हवा येऊ-जाऊ देतो, पाणी येऊ देत नाही. आमच्या ट्रंकेला ही अडचण कधीच आली नाही, तिच्या झाकणातून झुरळं येत-जात होती.

असो. हिशेब असा झाला. ट्रंकेच्या एका खालच्या कोपऱ्यापासून समोरच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकं मोजलं तर 106 सेंटीमीटर भरतं. भाच्याची गन '90' ची, पण 90 ही नुसती नळी, मूठ वगैरे धरून ती सव्वा मीटर. सळई तर 130 च्या आसपास. म्हणजे पेटी गनवरून नाही, सळईवरून ठरवायची. आणि बऱ्याच विमान कंपन्यांची लांबी-रुंदी-उंची मिळून मर्यादा 158 सेंटीमीटर. 130 ची सळई घातल्यावर रुंदी-उंचीला उरतात अठ्ठावीस! कुठलीही पेटी घेतली तरी 'मोठं सामान' म्हणून जाणार. मग मी त्याला म्हटलं, भांडत बसू नकोस, कंपनीला आधी विचार, जास्तीचे पैसे भर आणि लांब, अरुंद, चाकांची घे. पेटीच आठ किलोची घेशील तर सामानाला काय उरणार ते बघ. सळईच्या टोकाला नळीचा तुकडा घाल, रबरं सैल सोड. आणि कमरेला बांधायचं शिसं इथून नेऊ नकोस, तिथे भाड्याने घे.

"मामा, तुला कसं कळलं शिसं असतं?"

मग त्याला पागाची गोष्ट सांगितली. आणि ती निघाली तशी पुढचीही निघाली, जी मी त्याला कधी सांगितली नव्हती.

18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. अडीच लाख गिरणी कामगार. बाबा म्हणत, दिवाळीपर्यंत मिटेल. खानावळीची उधारी चढत गेली. वर्षभराने गावी निघताना त्यांनी ट्रंक खानावळवाल्या मावशीकडे ठेवली, पैसे फिटेपर्यंत. पागातले शिशाचे मणी त्याआधीच काढून विकले होते. रिकाम्या हाताने बाबा घरी आलेले मला आठवतात. आईने पहिलं हेच विचारलं, ट्रंक कुठाय? ते काही बोलले नाहीत. पागेर बघायला मी परसात गेलो, तिथे बसून राहिले होते.

1986 मध्ये मी नोकरीसाठी लालबागला आलो तेव्हा बाबांनी पैसे देऊन आधी मावशीकडे पाठवलं. तिने पलंगाखालून ट्रंक ओढून काढली. कुलूप तसंच होतं. तिने ती उघडलीच नव्हती. पैसे मोजून घेतले, मला जेवायला वाढलं. बांगड्याचं तिखलं होतं. त्या जेवणाचे पैसे घेतले नाहीत.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ट्रंक भंगारात देऊ नको, मी डिसेंबरात येतो. ताईला सांगितलं, तर ती म्हणते, तो येईल आणि फोटो काढून जाईल, ठेवायची कुठे ते तू बघ. तिचंही खरंच आहे. ट्रान्झिटची खोली एवढीशी.

काल त्याने पेटीचा फोटो पाठवला. काळीच आहे, लांबलचक. खाली प्रश्न होता : "मामा, आपल्या गावाचा पिन कोड काय?"