वखारीची भिंत आणि राज्याचा भरंवसा

महाडच्या औद्योगिक वसाहतींत आज कारखान्यांभोवतीं भिंती, फाटकें व पहारेकरी दिसतात. व्यापारधंद्याच्या इमारतीस बंदोबस्त हवा, ही गोष्ट आतां वादाची राहिलेली नाहीं. परंतु याच मुलखाचा इतिहास पाहिला असतां असें दिसतें कीं, वखारीची भिंत किती बळकट असावी हा प्रश्न केवळ वखारवाल्याचा कधींच नव्हता. तो राज्यकर्त्याचाही होता. आणि दोघांचीं उत्तरें पुष्कळदां परस्परविरुद्ध होतीं. या विरोधाचा थोडक्यांत विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम राजापूरचें उदाहरण घेऊं. इ. स. १६६० त सिद्दी जौहरानें पन्हाळ्यास वेढा घातला असतां राजापूरच्या इंग्रज वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन हा तोफगोळे घेऊन तेथें गेला व आपलें निशाण लावून किल्ल्यावर मारा करूं लागला. त्याचें फळ १६६१ च्या मार्चांत मिळालें. शिवाजीमहाराजांनीं राजापूर घेतलें, इंग्रजांची वखार लुटली व त्यांचीं माणसें कैद केलीं. या कैद्यांस कांहीं काळ सोनगडीं ठेविलें होतें. हा सोनगड महाडनजीकचाच समजला जातो. शेवटच्या कैद्यांची सुटका १६६३ त झाली. येथें वखार बुडाली ती भिंत कच्ची होती म्हणून नव्हे. भिंतीआडच्या माणसांनीं व्यापाऱ्याची मर्यादा सोडून युद्धांत हात घातला म्हणून.

सुरतेंत याच्या उलट प्रकार झाला. १६६४ च्या जानेवारींत महाराज सुरतेवर आले तेव्हां शहरास भक्कम तट नव्हता. मोगल अंमलदार इनायतखान किल्ल्यांत जाऊन बसला व शहर उघडें पडलें. वीरजी व्होरासारख्या कोट्यधीश सावकाराचा वाडा लुटला गेला. इंग्रज व डच यांच्या वखारी मात्र वांचल्या. जॉर्ज ऑक्झेंडन यानें वखारींत शिबंदी व तोफा सज्ज केल्या होत्या. पुढें बादशहानें जकातींत सूट दिली आणि कंपनीनें ऑक्झेंडनास सुवर्णपदक दिलें. शहरास पक्का तट घालण्याचें कामही या लुटीनंतरचेंच. राज्याचा पहारा ऐन वेळीं उपयोगी पडत नसेल, तर आपली भिंत व आपली तोफ हाच आधार, हा धडा टोपीकरांनीं येथें घेतला असल्यास नवल नाहीं.

तथापि केवळ भिंतीवर त्यांचें भागलें नाहीं. १६७४ त राज्याभिषेकाच्या समयीं हेन्री ऑक्झेंडन रायगडीं आला. महाराज प्रतापगडीं गेले असल्यानें प्रथम त्यास गडाखालीं पाचाडास थांबावें लागलें. त्यानें केलेल्या तहांत राजापूरच्या नुकसानीबद्दल १०,००० होनांची भरपाई ठरली आणि राजापूर, दाभोळ, चौल व कल्याण येथें वखारी घालण्यास मोकळीक मिळाली. सुरतेंत तोफ रोवणाऱ्यांस कोंकणांत अखेर छत्रपतींच्या शब्दाचीच गरज भासली.

ज्या गडावर हा तह झाला तेथील बाजारपेठही या दृष्टीनें पाहण्याजोगी आहे. बाजारपेठ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या समोरासमोरच्या दोन ओळी, मधला रुंद रस्ता व उंच जोतीं आजही उभीं आहेत. घोड्यावरूनच खरेदी करतां यावी म्हणून जोतीं उंच केलीं, असें लोक सांगतात. आम्हांस महत्त्वाचें वाटतें तें इतकेंच कीं, या पेठेस स्वतःचा निराळा तट नाहीं. गडाचा तट तोच तिचा तट. दुकानदारानें दार लावावें, परकोटाची चिंता राज्यानें वाहावी, अशी ही वांटणी होय.

हेंच धोरण रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत, म्हणजे इ. स. १७१५ च्या सुमारास, स्पष्ट शब्दांत आलें आहे. साहुकारांचा परामर्श राज्यानें अगत्यानें घ्यावा, असें सांगणारा हाच ग्रंथ टोपीकरांविषयीं मात्र सावध करितो. त्यांस वखारीसाठीं जागा देणें प्राप्त झालें तर समुद्रतीरीं देऊं नये. राजापुरासारखी खाडीच्या आंत, मोठ्या शहराजवळ व सखल जागीं द्यावी, आणि पक्की इमारत बांधूं देऊं नये, असा त्याचा आशय आहे. बळकट वखार म्हणजे अर्धा किल्ला, हें अमात्यांनीं ओळखलें होतें.

ही कसोटी सावित्रीच्या खोऱ्यास लावून पाहावी. महाड हें खाडीच्या आंतलें बंदर, म्हणजे अमात्यांच्या मतें वखारीस योग्य. बाणकोट हें त्याच खाडीचें मुख, म्हणजे कधींच देऊं नये असें ठिकाण. प्रत्यक्षांत १७५५ त कमोडोर जेम्स यानें बाणकोट घेतलें, १७५६ च्या पुण्याच्या तहानें पेशव्यांनीं तें इंग्रजांकडेच राहूं दिलें, आणि त्याचा फोर्ट व्हिक्टोरिया झाला. महाडच्या व्यापाराचें दार अशा रीतीनें परक्याच्या हातीं गेलें. पुढें १८१८ च्या मे महिन्यांत त्याच कंपनीच्या तोफांनीं रायगड पाडला. गडाचा तट पडतांच त्याच्या भरंवशावर वसलेल्या पेठेसही वाली उरला नाहीं.

आमच्या मतें व्यापारी इमारतीचें रक्षण तीन गोष्टींवर अवलंबून असतें : भिंत, जागा व राज्याचा भरंवसा. पैकीं भिंत दिसते म्हणून तिची चर्चा फार होते. जागेची व भरंवशाची हकीकत कागदांतच सांपडते. महाड–पोलादपूर भागांतील जुन्या सावकारी व जमीनदारी दप्तरांत वखारीच्या जागेचे कौल, इमारतीचे परवाने, पेठेच्या चौकीपहाऱ्याचे जमाखर्च असे कागद कोणा संग्राहकाच्या नजरेस आल्यास त्यांनीं ते किरकोळ समजून बाजूस टाकूं नयेत. लढायांच्या बखरी पुष्कळ छापल्या गेल्या. पेठेचें दार रात्रीं कोण लावीत असे, आणि त्याचा पगार कोणाकडून मिळे, हें सांगणारा एखादा कागदही तितक्याच मोलाचा आहे.