मर्थरहून मोरीपर्यंत: दोन टबांच्या यंत्राची वंशावळ

आजचा धागा किल्ल्यांविषयी नाही, लढायांविषयीही नाही. तो आहे आमच्या जळगावच्या घरात मोरीशेजारी उभ्या असलेल्या, पत्रा गंजलेल्या सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनविषयी. डावीकडे धुण्याचा टब, उजवीकडे ज्याला आपण सगळे ‘ड्रायर’ म्हणतो तो पिळणारा टब. हे यंत्र आपल्याकडे आले कोठून, असा प्रश्न पडला आणि शोध घेता घेता मी वेल्समधील एका कोळशाच्या खोऱ्यात जाऊन पोहोचलो.

प्रथम यंत्रापूर्वीचे धुणे पाहू. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील ब्रिटिश कामकरी घरात सोमवार हा धुण्याचा वार. तांब्याच्या मोठ्या भांड्यात पाणी उकळायचे, लाकडी दांड्याने कपडे घुसळायचे, मग दोन रुळांच्या ‘मँगल’मधून ते पिळून काढायचे. हा संपूर्ण दिवसाचा उद्योग असे. खाणकामगाराच्या घरी तर कोळशाच्या काजळीने माखलेले कपडे. आमची आजी धुळे जिल्ह्यात पांझरेकाठच्या एका गावची. दगड, धोपाटणे, धुण्याचा सोडा आणि शेवटच्या पाण्यात नीळ हा तिचा क्रम. वेल्समधील बाईची आणि तिची भाषा, हवा, धर्म सारेच निराळे. पण दोघींच्या मनगटांचे दुखणे एकच असणार.

या दोघींमध्ये एक व्यापारी धागाही होता. ‘लिव्हर ब्रदर्स’चा सनलाइट साबण १८८८ मध्ये कलकत्त्याच्या बंदरात उतरला. हल शहरातील रेकिट कंपनीची निळीची पूड ब्रिटिश घरांत पांढऱ्या कपड्यांना चढे, आणि त्याच घराण्याची ‘रॉबिन’ नीळ आपल्या दुकानांत पोहोचली. म्हणजे साबण आला, नीळ आली. धुण्याचे यंत्र मात्र आले नाही. त्याला खूप वेळ लागला, आणि ते आले तेही थेट विलायतेहून नव्हे.

खान्देशाला ब्रिटिश यंत्रे अपरिचित होती असे मात्र समजू नये. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ दरम्यान, लँकशायरचा कापूसपुरवठा आटला आणि येथील कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात रेल्वे खान्देशातून गेली. पुढे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने निघाले, १८७० च्या दशकात जळगावात सूतगिरणी उभी राहिली, विसाव्या शतकाच्या आरंभी अमळनेरला प्रताप मिल आली. कापूस पिंजण्याची, दाबण्याची, कातण्याची, विणण्याची यंत्रे प्रथम आली, कारण त्यांतून नफा निघत होता. कापड धुण्याच्या श्रमातून कोणाला नफा निघत नव्हता. ते श्रम घरातील बाईचे किंवा परिटाचे, आणि परिटाला बलुत्यात धान्य दिले की हिशेब मिटला. कोणते यंत्र आधी येते आणि कोणते शंभर वर्षांनी, यावरून त्या समाजात कोणाच्या श्रमाची किंमत मोजली जात होती हे कळते. आर्थिक इतिहासाच्या पुस्तकांत गिरण्यांना प्रकरणे मिळतात. धुण्याला बहुधा तळटीपही मिळत नाही.

आता मर्थर टिडफिल. दक्षिण वेल्समधील हे गाव एके काळी लोखंडाची राजधानी होते. तेथील डाउलेसच्या कारखान्यातून जगभरच्या रेल्वेमार्गांना रूळ गेले. १९३० च्या मंदीत मात्र हे गाव असे कोसळले की निम्म्याहून अधिक कामगार बेकार झाले. महायुद्धानंतर अशा भागांत नवे उद्योग न्यावेत म्हणून ब्रिटिश सरकारने १९४५ मध्ये कायदाच केला. त्या धोरणानुसार हूवर कंपनीने मर्थरमध्ये धुलाई यंत्रांचा कारखाना काढला. ऑक्टोबर १९४८ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. (हूवर ही मूळची अमेरिकी कंपनी. तेव्हा ‘ब्रिटिश यंत्र’ हा शब्द जपूनच वापरायला हवा. पण हे यंत्र ब्रिटनमध्ये, ब्रिटिश घरांच्या मापाने घडले, हे खरे.)

पहिले मॉडेल ०३०७. आजच्या नजरेने ते यंत्र वाटतच नाही. एक छोटासा चौकोनी डबा, आत एकच टब, वर हाताने फिरवायचे पिळणीचे रूळ. काम झाले की ते रूळ आतच दुमडून ठेवायचे. खरी करामत होती ती टबाच्या बाजूच्या भिंतीत बसवलेल्या चकतीत. ही चकती वेगाने फिरली की पाण्यात भोवरा उठे आणि अवघ्या काही मिनिटांत कपडे निघत. त्या काळच्या अनेक यंत्रांत मधोमध उभा दांडा मागेपुढे हलत असे. त्याची यंत्ररचना जड आणि महाग होती. भिंतीतील चकती म्हणजे मोटर, पट्टा आणि एक चाक. स्वस्त, लहान, स्वयंपाकघरातील ओट्याखाली सरकणारी. हा साधेपणा पुढे फार दूर गेला.

१९५७ च्या सुमारास हूवरमॅटिक आले आणि एका टबाचे दोन झाले. एकात धुणे, दुसऱ्यात वेगाने फिरवून पाणी काढणे. गरम पाण्यातील कपडे लाकडी चिमट्याने एका टबातून दुसऱ्यात टाकायचे. या यंत्राचा एक गुण मला फार महत्त्वाचा वाटतो. दुसऱ्या टबातून निघालेले साबणाचे पाणी पंपाने पुन्हा पहिल्या टबात येई. मग त्याच पाण्यात आधी पांढरे, मग रंगीत, शेवटी कामाचे मळके कपडे. साबण महाग, गरम पाणी त्याहून महाग. काटकसर यंत्राच्या रचनेतच बसवलेली होती.

इतर कंपन्याही मागे नव्हत्या. हॉटपॉइंटने आपल्या यंत्रांना ‘एम्प्रेस’, ‘काउंटेस’ अशी राजेशाही नावे दिली होती, हे गमतीचे. कपडे धुणाऱ्या बाईला निदान यंत्राच्या नावात तरी महाराणी होता आले. जॉन ब्लूम नावाच्या तरुण व्यापाऱ्याने दुकानदारांना वगळून ‘रोल्स रेझर’ कंपनीची दोन टबांची यंत्रे थेट घरोघरी, बाजारभावाहून कितीतरी कमी किमतीत विकली आणि बड्या कंपन्यांना घाम फोडला. जुलै १९६४ मध्ये त्याची कंपनी दिवाळखोरीत गेली. पण स्वस्त यंत्राची चटक लोकांना लागली ती लागलीच. १९७२ पर्यंत ब्रिटनमधील सुमारे दोन-तृतीयांश घरांत वॉशिंग मशीन होते.

एका मॉडेलपाशी मात्र थांबायला हवे. १९६० च्या दशकाच्या आरंभीचे हूवर कीमॅटिक. त्याला बटणे जवळजवळ नव्हती. कडांना खाचा असलेली प्लॅस्टिकची एक चौकोनी पट्टी असे. ती ज्या कडेने खाचेत सरकवाल त्यानुसार धुण्याचा क्रम ठरे. चार कडा, दोन बाजू, आठ क्रम. हे वाचताना मला जकार मागाची छिद्रांची पुठ्ठे आठवली. यंत्राला वस्तूच्या आकारातून आज्ञा देण्याची ती युक्ती मागावरून मोरीत आली होती, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

आता खरा दुवा. १९५३ मध्ये जपानमधील सान्यो कंपनीने एसडब्ल्यू-५३ नावाचे यंत्र बाजारात आणले. किंमत २८,५०० येन, म्हणजे तेथील प्रतिस्पर्धी यंत्रांच्या सुमारे निम्मी. त्याची रचना डोळ्यांसमोर ठेवली होती ती ब्रिटिश हूवरची. तीच चौकोनी पेटी, तीच भिंतीतील चकती. जपानी घरांतही ओटा लहान, पैसा कमी. यंत्र तुफान खपले. पुढे १९६० मध्ये सान्योने दोन टबांचे यंत्रही काढले. चकती भिंतीतून तळाशी सरकली, पत्र्याच्या जागी प्लॅस्टिक येऊ लागले.

आणि आपल्याकडे? स्वातंत्र्योत्तर काळात चैनीच्या मानल्या गेलेल्या वस्तूंच्या आयातीवर कडक निर्बंध होते, त्यामुळे हूवरची यंत्रे खान्देशातील सामान्य घरांत येण्याचा प्रश्नच नव्हता. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात औरंगाबादेत, म्हणजे आमच्यापासून अजिंठ्याचा घाट ओलांडला की पलीकडे, व्हिडिओकॉनने जपानी तंत्रज्ञानाच्या साह्याने वॉशिंग मशीन बनवायला सुरुवात केली आणि दूरदर्शनवरील जाहिरातींनी ते घराघरांत पोहोचवले. मर्थर, ओसाका, औरंगाबाद, जळगाव: अशी ही वंशावळ. ‘जपानी’ म्हणून आपण ज्याचे कौतुक केले त्याचा आजोबा वेल्सचा होता.

या काळात खान्देशात धुण्याच्या क्षेत्रात काहीच घडत नव्हते, असेही नाही. मर्थरचा कारखाना उघडण्याच्या तीन वर्षे आधी, डिसेंबर १९४५ मध्ये, अमळनेर येथे मोहम्मद हाशिम प्रेमजी यांनी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी स्थापन केली. वनस्पती तूप हे मुख्य उत्पादन. त्याच प्रक्रियेत उरणाऱ्या घटकांपासून ‘७८७’ नावाचा धुण्याचा साबण निघे. हीच कंपनी पुढे विप्रो झाली. संगणकाच्या दुनियेतील या नावाचा आरंभ अमळनेरच्या धुण्याच्या वडीशी जोडलेला आहे, हे येथील किती महाविद्यालयीन मुलांना ठाऊक आहे कोण जाणे.

ब्रिटनमध्ये पूर्ण स्वयंचलित यंत्रांनी दोन टबांचे यंत्र १९८० च्या दशकापर्यंत बाजूला सारले. आपल्याकडे ते आजही का टिकून आहे? पुष्कळ जण ‘स्वस्त म्हणून’ असे उत्तर देतात. ते अर्धेच खरे आहे. स्वयंचलित यंत्राला नळाला सतत, दाबाने पाणी लागते. जळगावात वाघूर धरणाचे पाणी नळाला रोज येत नाही; धुळ्यातील प्रतीक्षा तर अनेकदा याहून लांब. पिंपातून बादलीने पाणी ओतता येईल, वीज गेली तर मध्येच थांबून पुढे चालवता येईल आणि एकाच पाण्यात तीन घाण काढता येतील असे यंत्र एकच. आई आधी पांढरे, मग साड्या, शेवटी बाबांचे वावरातले कपडे टाकते. त्यानंतर ते पाणी मोरी आणि अंगण धुवायला जाते. हूवरमॅटिक वापरणारी गृहिणी हाच क्रम पाळीत होती. कोणी कोणाला शिकवले नाही. टंचाईने दोघींना शिकवले.

यंत्राने श्रम वाचवले का? अमेरिकी इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ च्या ‘मोअर वर्क फॉर मदर’ या ग्रंथात दाखवले की घरगुती यंत्रांमुळे पूर्वी बाहेर जाणारे काम घरात परत आले आणि ते एकट्या गृहिणीवर पडले. त्यांचा पुरावा अमेरिकेचा. तो जसाच्या तसा खान्देशावर चिकटवणे मला पटत नाही. पण आमच्या गल्लीत परीट कपडे न्यायला येत असे, तो आता फक्त इस्त्रीचे नेतो. धुणी करणाऱ्या मावशींची दोन घरे सुटली. आणि आई? तिचे मनगट दुखत नाही, हे निश्चित. मात्र पूर्वी आठवड्यातून दोनदा धुतल्या जाणाऱ्या चादरी आता पाणी येईल त्या प्रत्येक दिवशी धुतल्या जातात, आणि बादल्या तीच भरते. मी हे लिहीत असताना तीन बादल्या मी भरल्या, एवढीच नोंद करतो.

मर्थरच्या कारखान्यात १९८५ मध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांची ‘सी-५’ ही फसलेली विजेची तिचाकीही जोडली जात होती. ऐन बहरात हजारो माणसे कामाला असलेला तो कारखाना मार्च २००९ मध्ये बंद झाला. उत्पादन स्वस्त मजुरीच्या देशात गेले. जळगावच्या जुन्या गिरणीचा भोंगा त्याच्याही कितीतरी आधी थांबला होता.

तुमच्या घरी, आजीच्या माळ्यावर किंवा गच्चीवर, धान्य ठेवण्यासाठी वापरात असलेले एखादे जुने दोन टबांचे यंत्र असेल, तर मागच्या पत्र्यावरील धातूची पट्टी पुसून मॉडेल क्रमांक आणि वर्ष वाचा आणि खाली कळवा. फोटो असल्यास उत्तम. घरात ते पहिल्यांदा कोणी चालवले, आणि त्याआधी धुणे कोण करत होते, हेही विचारून लिहा.