नीरेचा पाट आणि मीठफुटी

परंडा तालुक्यातली सीनाकाठची काळी जमीन बेसाल्ट खडकाच्या झिजेतून झाली आहे. सीना-कोळेगाव धरण याच तालुक्यात आहे. भीमेच्या दुसऱ्या उपनदीकाठी, नीरेच्या खोऱ्यात, अशाच जमिनीला शतकाहून अधिक काळापूर्वी पाटाचे पाणी मिळाले. पुढे तिचे काय झाले, हे नोंदलेले आहे.

1876-77 च्या दुष्काळानंतर नीरा डावा कालवा काढला गेला आणि 1885 मध्ये त्याला पाणी सुटले. बारामतीकडच्या ज्वारी-बाजरीच्या रानात पाटामागोमाग ऊस आला. खोल काळ्या मातीतून पाण्याचा निचरा सावकाश होतो, त्यामुळे भूजल वर चढत गेले. मुळांच्या थरापर्यंत आलेले पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून पृष्ठभागावर येते आणि उन्हाने उडून जाते. त्यातले क्षार मागे राहतात. सखल रानात आधी वरंब्यांच्या माथ्यावर पांढरी साय दिसते. शेतकरी याला मीठ फुटणे म्हणतात. हे क्षार बहुतांशी जमिनीतच होते; पाटाने त्यांना वर आणले. पुणे शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन आणि व्ही. ए. ताम्हणे यांनी 1910 मध्ये नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर अभ्यास प्रसिद्ध केला. त्याआधी अभियंते विश्वेश्वरय्या यांनी याच कालव्यावर ब्लॉक पद्धत आणून उसाचे क्षेत्र मर्यादित केले होते. ती शिस्त पाणीवाटपाची होती, निचऱ्याची नव्हे.

क्षारांमुळे मातीतले पाणी मुळांना ओढून घेता येत नाही, म्हणून ओल असूनही पीक सुकल्यासारखे दिसते. बी उशिरा उगवते किंवा उगवतच नाही. सोडियम व क्लोराइड पानांत साठले की शेंडे व कडा करपतात, पोटॅश व कॅल्शियमचे शोषण घटते. संपृक्त मातीच्या अर्काची क्षारता ज्वारीला सुमारे 6.8 आणि कापसाला 7.7 डेसिसायमन प्रतिमीटरपर्यंत सोसते. उसाचे उत्पन्न मात्र 1.7 च्या पुढेच घटू लागते. ज्या पिकापायी रानात एवढे पाणी आले, तेच त्या पाण्याने वर आणलेल्या मिठाला या तिन्ही पिकांत आधी बळी पडते.

चोपण जमिनीची गत वेगळी. तिथे सोडियम चिकणमातीचे कण विलग करतो, पृष्ठभाग घट्ट होतो आणि पाणी साचून राहते. खारवट जमीन खोल चर काढून गोड्या पाण्याने धुता येते. चोपण जमिनीला आधी जिप्सम द्यावे लागते, धैंच्याचे हिरवळीचे पीक गाडणेही उपयोगी पडते. जिप्समविना नुसते धुतल्यास ती आणखीच घट्ट होते.