डाव्या कुशीवर पडलेलं जहाज

पाच हजारांहून जास्त माणसं जहाजावर होती आणि मेली फक्त दोन. बुडालेल्या जहाजांच्या गोष्टींत असा आकडा सहसा सापडत नाही, म्हणूनच ‘प्रेसिडेंट कूलिज’ची गोष्ट जगात फार गाजली नाही. टायटॅनिक सगळ्यांना माहीत असतं. कूलिज माहीत असतं ते स्कूबा डायव्हिंग करणाऱ्यांना.

मोबाईलच्या नकाशावर ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येकडे बोट सरकवत न्या. व्हानुआतू नावाचा बेटांचा देश लागेल. त्यातलं सर्वांत मोठं बेट एस्पिरितु सांतो. तिथल्या किनाऱ्यावरून पाठीला सिलिंडर बांधून, चालत पाण्यात उतरायचं. बोट लागत नाही. थोडं पोहलं की सुमारे २० मीटर खोलीवर जहाजाची नाळ दिसते. तिथून जहाज उतारावर खाली खाली जात राहतं, मागचं टोक जवळजवळ ७० मीटरवर. लांबी सुमारे २०० मीटर. पाणी इतकं कोमट, की थंडी हा तिथे प्रश्नच नाही. मालवणला स्कूबा करून आलेल्यांना समुद्राखालची पहिली भीती ठाऊक असेल. इथे त्या भीतीला दरवाजे, जिने आणि अंधारे हॉल जोडलेले आहेत.

आणि सगळं आडवं. जहाज डाव्या कुशीवर पडलंय, त्यामुळे जमीन भिंत झाली आहे आणि भिंत छत. एका ओळीत बसवलेली संडासाची भांडी भिंतीतून बाहेर आलेली दिसतात. पोहण्याच्या तलावाच्या फरशा शाबूत आहेत, पण तलाव उभा आहे.

हो, जहाजावर पोहण्याचा तलाव होता. अमेरिकेत व्हर्जिनियात बांधलेलं हे जहाज १९३१ साली पाण्यात उतरलं. जगभर मंदी होती आणि डॉलर स्टीमशिप लाइन या कंपनीने (‘डॉलर’ हे मालकांचं आडनाव) सॅन फ्रान्सिस्को ते जपान, चीन, फिलिपिन्स अशा प्रवासासाठी झुंबरं, व्यायामशाळा, सलून असलेला हा तरंगता महाल काढला. महालाचे दिवस जेमतेम दहा वर्षं टिकले. डिसेंबर १९४१मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला, तिथले गंभीर जखमी सैनिक याच जहाजातून अमेरिकेला आणले गेले. मग ते लष्कराच्या ताब्यात गेलं. डेकवर तोफा चढल्या. पहिल्या वर्गाच्या प्रवाशांसाठी सजवलेल्या जागांत बंकबेड लागले.

२६ ऑक्टोबर १९४२. जहाज सैनिक घेऊन एस्पिरितु सांतोच्या बंदराकडे आलं. ग्वाडालकनालच्या लढाईला इथून रसद जात होती आणि जपानी पाणबुड्यांच्या धास्तीने बंदराच्या तोंडाशी अमेरिकेनेच पाणसुरुंग पेरले होते. कप्तान हेन्री नेल्सन यांना मिळालेल्या आदेशात या सुरुंगांचा उल्लेखच नव्हता. कूलिज सरळ मुख्य वाटेने आत शिरू लागलं. किनाऱ्यावरून थांबण्याचा इशारा झाला, पण उशिरा. पहिला स्फोट झाला आणि काही क्षणांतच दुसरा.

आपल्याच सुरुंगावर आपलंच जहाज. शत्रू तिथे नव्हताच. मला या गोष्टीत सगळ्यात जास्त बोचतं ते हेच: कुणाच्या तरी टेबलावर ती माहिती होती, एक कागद दुसऱ्या कागदाला जोडायचा राहिला.

नेल्सन यांनी मात्र पुढचा निर्णय पटकन घेतला. जहाज वाचत नाही हे ओळखून त्यांनी ते तसंच किनाऱ्यालगतच्या प्रवाळावर नेऊन घुसवलं. सैनिकांना सांगितलं गेलं, सामान राहू द्या, नंतर घेता येईल. दोरांवरून, जाळ्यांवरून माणसं उतरली; काही जण तर जवळजवळ चालतच किनाऱ्याला लागले. सुमारे दीड तासात जहाज कलंडलं आणि घसरून खोल पाण्यात गेलं. मलेरियाच्या त्या प्रदेशात सोन्यासारखा मोलाचा क्विनीनचा मोठा साठाही गेला. ‘नंतर घेता येईल’ म्हणून सोडलेल्या रायफली, हेल्मेटं, गॅस मास्क आजही तिथेच आहेत. नेल्सन यांच्यावर चौकशी बसली. शेवटी लष्करी आयोगाने त्यांना निर्दोष सोडलं.

मेलेल्या दोघांपैकी रॉबर्ट रीड भट्टीवर काम करणारे. पहिल्याच स्फोटात ते गेले. दुसरे कॅप्टन एलवुड युअर्ट, तोफखान्याचे अधिकारी. ते सुरक्षित जागी पोहोचले होते. जहाजाच्या दवाखान्यात माणसं अडकलीत हे कळल्यावर परत आत गेले. दोराचं खालचं टोक त्यांनी स्वतःच्या अंगाला बांधून घेतलं, म्हणजे दोर ताठ राहील आणि बाकीच्यांना वर चढता येईल. ते सगळे चढले. तोवर जहाज इतकं कललं होतं, की युअर्टना चढता आलं नाही.

पुढे १९६९मध्ये अ‍ॅलन पॉवर हा ऑस्ट्रेलियन डायव्हर इथे आला आणि इथलाच झाला. त्याने कित्येक हजार वेळा या जहाजात डुबकी मारली. पहिल्या वर्गाच्या धूम्रपानगृहात शेकोटीवर चिनी मातीचं एक शिल्प होतं, एक स्त्री आणि शिंगवाला पांढरा घोडा. डायव्हर तिला ‘द लेडी’ म्हणतात. ती जागेवरून निखळल्यावर पॉवरने तिला जहाजातच दुसऱ्या जागी हलवलं. सुमारे ४० मीटर खाली, टॉर्चच्या उजेडात लोक तिला भेटायला जातात; तोंडातला रेग्युलेटर काढून तिचं चुंबन घ्यायची तर प्रथाच पडली आहे. या खोलीवर नायट्रोजनमुळे डोकं हलकं होतं, त्यामुळे प्रथेमागे नेमकी भक्ती किती आणि नशा किती, देव जाणे. वर येताना शरीरातला नायट्रोजन निघून जावा म्हणून उथळ पाण्यात बराच वेळ थांबावं लागतं. तिथे पॉवरने प्रवाळांची बागच तयार केली. त्याआधी भंगारवाल्यांनी जहाजाचे पंखे काढून नेले होते. १९८३मध्ये व्हानुआतू सरकारने इथून काहीही उचलायला बंदी घातली.

गॅस मास्क चेहऱ्याला लावून फोटो काढणारे डायव्हर बघितले की मला थोडं अवघडल्यासारखं होतं. कारण या सगळ्या वर्षांत युअर्ट त्याच जहाजात होते. २०१२मध्ये आतल्या गाळात एका गाईडला मानवी हाडं दिसली. डीएनए तपासणीत ती युअर्टचीच निघाली आणि ऑगस्ट २०१६मध्ये, जहाज बुडाल्यानंतर जवळजवळ ७४ वर्षांनी, ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेट गावी त्यांचं दफन झालं.